घरच्या पडद्यावर कोणता चित्रपट, आणि कोणासाठी?

रक्तदाब मोजून झाला, गोळ्यांची चिठ्ठी लिहून झाली, की सोबत आलेला मुलगा किंवा सून दाराशी थबकते आणि हलक्या आवाजात विचारते, "डॉक्टर, दिवसभर घरात बसून असतात. टीव्हीवर काय लावून द्यावं त्यांना?" वीस वर्षांपूर्वी हा प्रश्न मला कोणी विचारत नसे. तेव्हा दूरदर्शन आणि चार वाहिन्या जे दाखवतील ते पाहिले जाई. आता ओटीटीमुळे शंभर वर्षांचा चित्रपट एका चौकटीत येऊन बसला आहे, आणि निवड करणारे बोट मात्र नातवाचे असते.

मी उलट विचारतो, चित्रपट नेमका कोणी पाहायचा आहे? प्रश्न विचित्र वाटतो, पण त्यामागे अनेक वर्षांचे निरीक्षण आहे. वार्धक्य, स्मृतिभ्रंश, अंथरुणाला खिळणे, मरण या विषयांवर जे उत्तम चित्रपट निघाले, त्यांतले बहुतेक वृद्धांनी पाहण्यासाठी नाहीत असे माझे मत आहे. ते वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्यांनी पाहायचे आहेत. आजारी माणसाच्या उशाशी आपण त्याच्याच आजारावरचा ग्रंथ ठेवत नाही. तरीही "बाबा, तुमच्या वयाच्या माणसाची गोष्ट आहे" असे म्हणून पंचाहत्तरीच्या गृहस्थांसमोर एखाद्या परित्यक्त म्हाताऱ्याची करुण कहाणी लावून देणारी घरे मला ठाऊक आहेत. बाबांना त्यांच्या वयाची गोष्ट नको असते. ती ते रोज जगतातच. त्यांना हवी असते त्यांच्या विशीची गोष्ट.

आणि येथेच हिशेब चुकतो. नातवंडांच्या लेखी जे काही कृष्णधवल ते सगळे आजीच्या काळातले. म्हणून हौसेने 'प्रभात'चा १९३६ किंवा १९३७चा चित्रपट लावला जातो आणि आजी पंधरा मिनिटांत डुलक्या घेऊ लागतात. आज ऐंशीच्या घरात असलेल्या आजींचा जन्म १९४५च्या आसपासचा. 'प्रभात'चे वैभव त्यांनी पाहिलेले नाही, त्यांच्या आईने पाहिले. माणसाच्या स्मरणात सर्वांत ठसठशीत राहतो तो साधारण दहा ते तीस या वयातला काळ. तेव्हा आजींच्या जन्मसालात पंधरा ते पंचवीस मिळवावेत आणि त्या दशकातला चित्रपट शोधावा. या आजींसाठी तो काळ म्हणजे 'जगाच्या पाठीवर' (१९६०) आणि 'मोलकरीण' (१९६३) यांचा. त्याच्या किंचित आधी आलेला 'सांगत्ये ऐका' (१९५९) पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात शंभराहून अधिक आठवडे चालला होता; तो पाहायला बैलगाडीतून गेलो होतो असे सांगणारे रुग्ण आजही माझ्याकडे येतात, आणि ते सांगताना त्यांची दम्याची तक्रार पाच मिनिटे तरी मागे पडते. सत्तरीतल्या आजोबांचा काळ वेगळा. त्यांचे तारुण्य 'सोंगाड्या' (१९७१), 'पिंजरा' (१९७२) आणि 'सामना' यांच्याबरोबरचे. त्यांच्यापुढे साठ सालचा सोज्ज्वळ कौटुंबिक चित्रपट ठेवून ते दादा कोंडक्यांवर हसत असताना नाक मुरडणे बरोबर नाही. वय झाले म्हणून माणसाची विनोदाची आवड सात्त्विक होत नाही.

जुन्या चित्रपटांचा आणखी एक गुण मी कानांचा विचार करताना शिकलो. वाढत्या वयात ऐकू कमी येते ते सगळ्या आवाजांचे सारखे नव्हे. आधी जातात ते उंच पट्टीचे आवाज. भाषेत स, श, फ, त यांसारखी व्यंजने याच पट्टीत असतात. म्हणून म्हातारी माणसे तक्रार करतात, "आवाज येतो, पण शब्द कळत नाही." नव्या चित्रपटांत नट सहजपणे, ओठांतल्या ओठांत बोलतात, आणि त्यामागे संगीताचा व रस्त्यावरच्या आवाजांचा पदर सतत असतो. अशा वेळी टीव्हीचा आवाज वाढवला की संगीतच वाढते, शब्द तेवढाच अस्पष्ट राहतो. केशवराव दाते, गजानन जागीरदार, राजा परांजपे, सुलोचनाबाई ही मंडळी एकेक शब्द तोडून, सुटा करून बोलत. त्यांच्यापैकी काहींनी ध्वनिक्षेपकाशिवाय नाट्यगृहातल्या शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोहोचवलेला होता. "आत्ताचे नट पुटपुटतात" ही आजोबांची कुरकुर म्हणूनच हेकेखोरपणाची समजू नये. वैद्यकीयदृष्ट्या ती अगदी खरी आहे. जुन्या प्रतीत खरखर असली तर मात्र हा फायदा जातो. त्यामुळे एकाच चित्रपटाच्या दोन-तीन प्रती उपलब्ध असतील तर आधी स्वतः ऐकून स्वच्छ असेल ती निवडावी. हल्लीच्या बहुतेक टीव्हींमध्ये ध्वनीच्या मांडणीत संवाद ठळक करण्याची सोय असते. ती शोधून चालू करावी. श्रवणयंत्र असेल तर ते काढून ठेवून आवाज वाढवणे हा उपाय नव्हे; पुष्कळशी नवी श्रवणयंत्रे टीव्हीला थेट जोडता येतात, आणि यंत्र देणाऱ्या तज्ज्ञाला तेवढे विचारले तर घरातली रोजची भांडणे निम्म्याने कमी होतील.

शरीराबद्दल एवढ्यावरच थांबत नाही. चित्रपटगृहात मध्यंतर असे, घरी ते कोणी देत नाही. दोन-अडीच तास पाय खाली सोडून बसले की घोट्यांना सूज येते, आणि मग एकदम उठले की रक्तदाब घसरून चक्कर येते. दिवाणखान्यातून न्हाणीघराकडे जाताना पडून खुब्याचे हाड मोडलेले रुग्ण मी पाहिले आहेत. लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्यांना तर पाऊण तासाला उठावेच लागते, आणि "एवढा प्रसंग संपू दे" म्हणत ती थोपवून मग धावणे हे पडण्याचे ठरलेले निमित्त. तेव्हा पाऊण तासाने चित्रपट थांबवावा, पाय हलवावेत, मिनिटभर कडेवर बसून मग उठावे. अंधार करून पाहण्याची हौस सोडावी. मागे एक मंद दिवा असावा. मोतीबिंदू असलेल्यांना काळोखातला झगझगीत पडदा अधिक त्रास देतो. बशीतल्या फरसाणाबद्दल मी वेगळे लिहीत नाही, हृदयविकाराचे आणि मधुमेहाचे माझे सर्व रुग्ण माझे मत जाणतात. इन्शुलिनची आणि जेवणाची वेळ मात्र नायिकेच्या लग्नासाठीही पुढे ढकलायची नाही.

"रडू आलं तर हृदयाला धोका नाही ना?" असेही विचारले जाते. प्रकृती स्थिर असलेल्या माणसाला चित्रपट पाहून आलेल्या आसवांनी काही होत नाही, उलट बरे वाटते. एक अपवाद लक्षात ठेवावा. पक्षाघातानंतर काही रुग्णांना कारण नसताना किंवा अगदी क्षुल्लक कारणाने न आवरणारे रडू अथवा हसू येते. तो मेंदूला झालेल्या इजेचा परिणाम असतो, मनाच्या दुःखाचे माप नव्हे. अशा रुग्णाला विनोदी चित्रपटातही हुंदके फुटतील. घाबरून टीव्ही बंद करू नये, "का रडता?" असे खोदून विचारू नये, हळूच दुसऱ्या विषयाकडे वळवावे आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना सांगावे, कारण त्यावर औषध आहे.

'प्रभात'ला मी वर थोडे बाजूला सारले, पण तीन चित्रपटांविषयी बोलल्याशिवाय पुढे जाववत नाही. 'संत तुकाराम' (१९३६) वयाच्या हिशेबात बसत नसला तरी घराघरांत चालतो, कारण तो पिढ्यान्‌पिढ्या पाहिला गेला आहे. विष्णुपंत पागनीसांचे तुकाराम सर्वांना आठवतात. मला मात्र तो गौरी यांनी रंगवलेल्या जिजाईचा चित्रपट वाटतो. घरात दाणा नाही, नवरा विठ्ठलाच्या नादी, आणि मुलांच्या तोंडी घास घालण्याची विवंचना एकटीच्या शिरावर. दीर्घ आजारी पतीची सेवा करणाऱ्या बायका जिजाईच्या आदळआपटीवर हसतात तेव्हा त्यांच्या हसण्यात बरेच काही असते. 'शेजारी' (१९४१) दोन वृद्ध मित्रांचा आहे. केशवराव दात्यांचे जिवबा आणि जागीरदारांचे मिर्झा बुद्धिबळाच्या पटावर जे भांडतात आणि प्रेम करतात, ते पाहून ज्यांचे सगळे मित्र आता गेले आहेत अशा माणसाला आनंद आणि वियोग दोन्ही एकदम भेटतील. त्याच्या शेजारी कोणीतरी बसलेले असावे. 'कुंकू' (१९३७) हा तर माझ्या मते त्या काळातला सर्वांत धीट मराठी चित्रपट. शांता आपट्यांची नीरा आजही ताजी आहे. परंतु त्यातला वयस्क वकील अखेरीस स्वतःचे जीवन संपवतो, आणि तेही आपल्या जाण्याने दुसऱ्याचे भले होईल या भावनेने. "मी गेलो तर तुम्ही सुटाल" असे वाक्य ज्या घरात उच्चारले जात असेल तेथे हा चित्रपट लावू नये. ते वाक्य मुळात चित्रपटाशी नव्हे, नैराश्याच्या तपासणीशी संबंधित आहे, आणि त्यासाठी डॉक्टरांकडे जावे.

आता थोडे कटू बोलतो. 'नटसम्राट' (२०१६) आणि हिंदीतला 'बागबान' (२००३) हे दोन चित्रपट घरच्या पडद्यावर वृद्धांसाठी सर्वाधिक लावले जातात, आणि दोन्हींबद्दल मला शंका आहे. 'नटसम्राट'मागे शिरवाडकरांचे नाटक आहे, नाना पाटेकर आणि विक्रम गोखले यांच्या जुगलबंदीचे प्रसंग अविस्मरणीय आहेत, हे मान्य. आप्पासाहेब बेलवलकर स्वतःही काही सोपे गृहस्थ नाहीत, हे नाटककाराला पुरते ठाऊक होते. पण घरात बसून पाहणाऱ्या वृद्धाच्या मनात उरते ते एवढेच, की मालमत्ता मुलांच्या नावे केली आणि मुलांनी बाहेर काढले. 'बागबान'मध्ये तर आईवडील निखळ सज्जन आणि मुले निखळ दुष्ट. गेल्या तीस वर्षांत मी ज्या घरांत गेलो, त्यांतल्या फारच थोड्या घरांत खलनायक होते. बहुतेक ठिकाणी थकलेली माणसे होती. दोन खोल्यांचे घर, मुलीची दहावी, सुनेची नोकरी, रात्रीतून तीनदा उठणारे सासरे, आणि कोणाचाच धड दोष नाही. या घरात रविवारी दुपारी 'बागबान' लागतो, चित्रपट संपल्यावर कोणी काही बोलत नाही, आणि सोमवारी सासऱ्यांचा रक्तदाब वाढलेला असतो. नुकतेच मृत्युपत्र किंवा घराची वाटणी झालेली असेल तर हे दोन्ही चित्रपट सहा महिने तरी कपाटात राहू द्यावेत.

शुश्रूषा करणाऱ्यांसाठी मात्र मी आवर्जून चित्रपट सुचवतो, अगदी औषधासारखा. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाची मुले सहसा मला म्हणतात, "ते मुद्दाम करतात, डॉक्टर. सांगितलेलं कळतं त्यांना." हे मुद्दाम नसते, हे मी किती वेळा समजावले तरी 'द फादर' (२०२०) हा इंग्रजी चित्रपट जितके समजावतो तितके मला जमत नाही. अँथनी हॉपकिन्सना या भूमिकेसाठी वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी ऑस्कर मिळाले. दिग्दर्शक फ्लोरियन झेलर यांनी कथा रुग्णाच्या बाहेर उभे राहून सांगितलेली नाही, तर त्याच्या डोक्याच्या आत बसून सांगितली आहे. स्वयंपाकघर मघाशी होते तसे आता नाही. मुलगी म्हणून दार उघडून येते ती कोणी वेगळीच बाई. तेच जेवण, तेच संभाषण पुन्हा सुरू होते. पाहणाराही गोंधळतो, चिडतो, आणि मग त्याच्या लक्षात येते की आपण पाऊण तास जे सोसले ते बाबा रोज सोसत आहेत. घड्याळ हरवले की मदतीला आलेल्या बाईवर चोरीचा आळ घेणे हा प्रसंग तर प्रत्येक अशा घरातला आहे. तो आळ म्हणजे स्वभावदोष नव्हे. वस्तू कोठे ठेवली हे आठवत नाही, आणि रिकाम्या जागी मन एक कारण ठेवून देते. एवढे कळले तरी सुनेवरचा आणि मोलकरणीवरचा अन्याय टळतो.

मराठीत याच आजारावर सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' आहे, आणि शुश्रूषेच्या दृष्टीने तो मला अधिक जवळचा वाटतो. संस्कृतचे प्रकांड पंडित चक्रपाणी शास्त्री मुलीची नजर चुकताच गाडीतून उतरतात आणि एका हत्तीच्या मागे चालू लागतात. ही भूमिका करणारे डॉ. मोहन आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत, आणि त्यांच्या नजरेतला तो रिकामेपणा अभ्यासातून आलेला आहे. शास्त्रीबुवांना आसरा मिळतो माहुताच्या कुटुंबात. माहुताच्या बायकोला, चन्नम्माला, ना आजाराचे नाव ठाऊक ना त्यांची विद्वत्ता. समोर एक भुकेले, भेदरलेले मूल आहे एवढेच तिला दिसते, आणि ती त्याला जेवू घालते. अमृता सुभाष यांना याच भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. इकडे मुलगी इरा (इरावती हर्षे) बापाला शोधत फिरते. तिच्या मनात प्रेम आहे, राग आहे, आणि हरवलेला बाप मनातल्या मनात अजून प्राध्यापकच आहे. मला वाटते, इरा आणि चन्नम्मा यांच्यातला फरक हा शिक्षणाचा किंवा गरिबीचा नाही. इराकडे तुलनेला पूर्वीचा माणूस आहे, चन्नम्माकडे नाही. ज्या मुलीला वाटते की पैसे देऊन ठेवलेली बाई आईला माझ्यापेक्षा शांतपणे सांभाळते आणि मग त्याचीच टोचणी लागते, तिने हा चित्रपट पाहावा. त्या बाईने तुमची पूर्वीची आई पाहिलेली नाही, म्हणून तिला ते सोपे जाते.

अलीकडचा 'थ्री ऑफ अस' (२०२३) हिंदी आहे, पण त्याची भूमी आपली आहे. मुंबईत राहणारी, स्मृतिभ्रंशाची सुरुवात झालेली शैलजा पतीसह वेंगुर्ल्याला, बालपणीच्या गावी जाते. शेफाली शाह आणि जयदीप अहलावत यांची स्तुती सर्वांनी केली. मी मात्र स्वानंद किरकिरे यांच्या पतीकडे पाहत होतो. बायको आपल्याला विसरणार आहे, आणि विसरण्यापूर्वी तिला आठवायचे आहे ते आपल्या आधीचे आयुष्य, हे समजूनही तो सोबत चालत राहतो. जोडीदाराच्या मत्सराविषयी शुश्रूषेच्या पुस्तकांत कोणी लिहीत नाही. दिग्दर्शक अविनाश अरुण यांनी ते फारसे न बोलता दाखवले आहे.

मिखाएल हानेके यांच्या 'आमूर' (२०१२) या फ्रेंच चित्रपटाला कान महोत्सवाचा सर्वोच्च सन्मान मिळाला. पॅरिसमधील वृद्ध संगीतशिक्षक दांपत्य, पक्षाघाताने एकेक शक्ती गमावणारी पत्नी आणि तिची सेवा करणारा पती. अंथरुणावरच्या रुग्णाला उचलणे, पाणी पाजणे, चादर बदलणे इतके खरे मी दुसऱ्या कोठल्याही चित्रपटात पाहिलेले नाही. परंतु शेवटी तो पती तिच्या तोंडावर उशी दाबतो. कित्येक रात्री न झोपलेल्या माणसाने हा चित्रपट एकट्याने पाहू नये असे मी स्पष्ट सांगतो. आणि तसा विचार कोणाच्या मनात क्षणभर जरी चमकून गेला असेल, तर त्यात लाजण्यासारखे काही नाही. तो थकव्याचा शेवटचा टप्पा आहे आणि तो उच्चारायला हवा. आपल्या डॉक्टरांजवळ बोलावे, किंवा केंद्र शासनाच्या टेलिमानस सेवेला १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनी करावा. ही सेवा विनामूल्य आहे आणि चोवीस तास चालते.

स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीने स्वतः काय पाहावे? कथानक असलेले सलग दोन तास तिला पेलत नाहीत. दहा मिनिटांचा ओळखीचा तुकडा, त्यातही गाणे, पुरेसे असते. बोलणे खुंटलेली माणसेही तरुणपणीच्या गाण्याचे शब्द म्हणू शकतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. तेच गाणे, तोच प्रसंग रोज लावला तरी चालते. कंटाळा आपल्याला येतो, त्यांना नाही. वेळ सकाळची किंवा दुपारची असावी, कारण संध्याकाळ झाली की या रुग्णांचा गोंधळ वाढतो. पडद्यावरची मारामारी, आग, पूर त्यांना खोलीतच घडत आहे असे वाटू शकते. पडद्यावरच्या माणसाला त्या "या, बसा" म्हणाल्या तर "अहो, तो टीव्ही आहे" असा वाद घालू नये. आणि टीव्ही बंद केल्यावर काळ्या काचेत स्वतःचेच प्रतिबिंब पाहून घाबरत असतील तर त्यावर एखादे कापड टाकावे. दिवसभर बातम्यांची वाहिनी लावून ठेवणे हे सगळ्यांत वाईट.

वडील बाजूला आणि मुले बाजूला अशी विभागणी मी आतापर्यंत केली. तरी काही चित्रपट एकत्र बसून पाहण्याचे आहेत, कारण घरात जे बोलायला कोणी धजत नाही ते चित्रपट बोलून टाकतो. अकिरा कुरोसावांच्या 'इकिरू'मध्ये (१९५२) जठराचा कर्करोग झालेल्या कारकुनी अधिकाऱ्याला डॉक्टर सौम्य अल्सर असल्याचे सांगतात, आणि त्याला खरे ते आधीच कळलेले असते. आपल्या 'आनंद'मधला (१९७१) रुग्ण उघडपणे जाणतो आणि हसतो. "बाबांना सांगू नका हं, डॉक्टर" हे वाक्य मी महिन्यातून एकदा तरी ऐकतो. बहुतेक वेळा बाबांना ठाऊक असते, आणि "मुलांना कळू देऊ नका" असे त्यांनीही मला सांगितलेले असते. दोन्हीकडून लपवलेले एकच सत्य त्या घरात कोंडून राहते. 'आनंद' सर्वांनी मिळून पाहावा आणि संपल्यावर टीव्ही बंद करून दहा मिनिटे तसेच बसावे, एवढेच मी सुचवतो. पुढचे बहुधा आपोआप घडते. 'इकिरू' आणि ओझूंचा 'टोकियो स्टोरी' (१९५३) हे जपानी आहेत. खाली धावणारी इंग्रजी अक्षरे वाचणे अनेक वृद्धांना जमत नाही, म्हणून तरुणांनीच पाहावेत. 'टोकियो स्टोरी'त आईवडील मुलांना भेटायला शहरात येतात आणि मुलांना सवड नसते. त्यातला थोरला मुलगा उपनगरातला साधा डॉक्टर आहे. रविवारी सगळे फिरायला निघणार तोच आजारी मुलाच्या घरून बोलावणे येते, आणि तो बॅग उचलून जातो. त्याला दोष देता येत नाही. माझ्या पत्नीने तो प्रसंग पाहताना माझ्याकडे पाहिले नाही, याची मी नोंद घेतली.

शेवटचे दोन चित्रपट कृत्रिम श्वसनयंत्राविषयीचे. गजेंद्र अहिरे यांच्या 'अनुमती'त पत्नी मेंदूतील रक्तस्रावाने बेशुद्ध आहे, खर्च झेपत नाही, आणि यंत्रणा थांबवण्याच्या कागदावर सही हवी आहे. विक्रम गोखले यांचा पती सही करत नाही. पैशांसाठी वणवण करतो. या भूमिकेसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो सर्वथा योग्य. राजेश मापुसकर यांचा 'व्हेंटिलेटर' (२०१६) तोच प्रश्न गणपतीच्या तोंडावर जमलेल्या कोकणी गोतावळ्यात नेऊन ठेवतो. रुग्णालयाच्या आवारात डबे उघडतात, मानपान होतात, भांडणे उकरली जातात. तेथे हसू येते, आणि हसतानाच बाप-लेकाचे अबोलपण मनाला लागते. कलेच्या तराजूत 'अनुमती' जड आहे. घरात एकत्र पाहण्यासाठी मी 'व्हेंटिलेटर' सुचवतो, कारण हसलेली माणसे बोलू लागतात.

बोलायचे काय, तर हेच, की तशी वेळ आली तर तुम्हाला काय हवे आणि काय नको. अतिदक्षता विभागाबाहेर पहाटे तीन वाजता मुलांना हा प्रश्न विचारला जातो तेव्हा उत्तर देऊ शकणारा एकमेव माणूस आत बेशुद्ध असतो. मग भावंडे एकमेकांची तोंडे पाहतात, आणि काही कुटुंबांत तो निर्णय पुढे वीस वर्षे भांडणाचे मूळ होऊन राहतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये अशी इच्छा आगाऊ लिहून ठेवण्याचा अधिकार मान्य केला आणि जानेवारी २०२३मध्ये त्याची पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ती प्रमाणित करून घेता येते. दंडाधिकाऱ्यांकडे जावे लागत नाही. आपल्या वतीने निर्णय कोण घेईल त्यांची नावे त्यात लिहायची, त्यांना एकेक प्रत द्यायची, आणि नेहमीच्या डॉक्टरांकडेही एक ठेवायची. मत बदलले तर कागदही बदलता येतो. ही इच्छा उपचार नाकारण्याचीच असावी असे नाही. शक्य ते सर्व करा, असेही लिहिता येते.

माझ्या दवाखान्यातले एक जोडपे मुलांसह 'व्हेंटिलेटर' पाहून पुढच्याच आठवड्यात आले होते. काकूंनी पर्समधून वहीचा कागद काढला आणि म्हणाल्या, "मला नळी नको, हे मी ठरवलंय. यांना काय हवं ते यांनाच विचारा, मला सांगत नाहीत." काका चष्मा पुसत बसले होते. जरा वेळाने म्हणाले, "मला हवी. पण पंधरा दिवस. त्यापुढं नको." काकू त्यांच्याकडे पाहतच राहिल्या; एकावन्न वर्षांच्या संसारात हे त्यांना प्रथमच कळत होते. मी दोघांच्या केसपेपरवर दोघांचे म्हणणे लिहिले, नोटरीकडे कसे जायचे ते सांगितले, आणि नेहमीप्रमाणे रक्तदाब मोजला.